माउंटन बाइकचे हँडल रुंद करताना

सुरुवातीच्या किमतीची माउंटन बाइक, म्हणजे पुढे शॉकअप (धक्के शोषणारा फोर्क), मागे कडक फ्रेम, २९ इंची चाके आणि केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असलेली सायकल, डोंगरातल्या कच्च्या वाटांवर काही काळ चालवली की तिच्यात काय बदलावे हा प्रश्न येतो, आणि बहुतेकांचे लक्ष आधी हँडलकडे जाते. बाजारात ७८० आणि ८०० मिलिमीटरची हँडले सहज मिळतात, ती फार महाग नसतात आणि घरच्या घरी बसवता येतात. मात्र रुंदी हा एकटा आकडा पाहून हँडल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हँडलची रुंदी, स्टेमची (हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणाऱ्या भागाची) लांबी, फ्रेमचा आकार आणि चालवणाऱ्याचे खांदे या चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यांपैकी एक हलवली की उरलेल्या तिन्हींचा विचार करावा लागतो. सायकलवरच्या इतर सुधारणांनाही हेच लागू पडते.

रुंद हँडलाने नेमके काय होते, ते आधी पाहू. घट्ट बसलेला नट सुटत नसेल तर मेकॅनिक पान्याच्या दांडीवर लांब पाईप चढवतो. दांडी लांब झाली की तेवढ्याच जोरात जास्त पीळ मिळतो. हँडल हीसुद्धा मधल्या आसाभोवती फिरणारी दांडीच आहे. हँडल ६०० मिमीचे असेल तर प्रत्येक हात आसापासून ३०० मिमी दूर असतो, आणि ७८० मिमीचे असेल तर ३९० मिमी. हात जितका दूर, तितका त्याच जोराचा परिणाम अधिक, म्हणून येथे स्टिअरिंगवरची पकड ३० टक्क्यांनी वाढते. समजा, पुढचे चाक एखाद्या दगडाला तिरके लागले आणि हँडल वळवू पाहणारा २० न्यूटन-मीटरचा झटका बसला. अरुंद हँडलावर तो अडवायला प्रत्येक हाताला सुमारे ३३ न्यूटन जोर लावावा लागेल, तर रुंद हँडलावर सुमारे २६. एका झटक्यात हा फरक किरकोळ वाटतो. पण सैल दगडांच्या लांब उतारावर असे शेकडो झटके एकामागून एक बसतात, तेव्हा बोटे, मनगटे आणि दंड किती थकतात हे याच फरकावर ठरते.

या लाभाची किंमतही त्याच प्रमाणात मोजावी लागते. चाक तितक्याच अंशांनी वळवण्यासाठी हाताला ३० टक्के जास्त अंतर सरकावे लागते. वेगात हा संथपणा उपकारक ठरतो, कारण हाताच्या लहानसहान हालचाली चाकापर्यंत कमी प्रमाणात पोहोचतात आणि सायकल सरळ राहते. चढावर मात्र, वेग अगदी कमी असताना आणि अरुंद वाटेवर सतत डावे-उजवे करावे लागत असताना, तोच संथपणा जाचक वाटू शकतो.

या खेळाच्या इतिहासात रुंदी सतत वाढतच गेली, असे झालेले नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीमध्ये काही तरुण जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली पळवू लागले. फेअरफॅक्सजवळच्या ‘रिपॅक’ नावाच्या उतारावरची पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली, आणि १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास घडवलेली पहिली फ्रेम तयार केली. त्या सायकलींवर मोटरसायकलच्या धाटणीची रुंद हँडले असत. पुढे शर्यतींचा भर क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे चढ-उतारांच्या लांब शर्यतींवर, गेला, वजन वाचवणे महत्त्वाचे ठरले, आणि १९९० च्या दशकात ५६० ते ६०० मिमीची हँडले व १२० मिमी किंवा त्याहूनही लांब स्टेम सर्रास दिसू लागले. त्या दशकाच्या अखेरीस सायकल निर्माते गॅरी फिशर यांनी फ्रेमची वरची नळी लांब आणि स्टेम आखूड करण्याचा आग्रह धरला. उताराच्या शर्यतींत उतरणाऱ्यांनाही आखूड स्टेमची सोय पटली होती. फ्रेम जसजशा लांब होत गेल्या तसतशी हँडले रुंद आणि स्टेम आखूड झाले. आज क्रॉस-कंट्रीसाठी साधारण ७२० ते ७६०, तर डोंगरी ट्रेलसाठी ७६० ते ८०० मिमी ही रुंदी प्रचलित आहे, आणि ट्रेल बाइकवर स्टेम ३५ ते ५० मिमीचा असतो. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण इतकेच की ८०० मिमीचे हँडल लांब फ्रेमच्या सोबतीने आले आहे. जुन्या मापाच्या फ्रेमवर ते तसेच चढवले तर त्याचे गुण पूर्ण मिळतीलच असे नाही.

शरीराच्या बाजूने पाहिले तर हात पसरले की कोपरे बाहेर येतात, छाती थोडी खाली झुकते आणि पुढच्या चाकावर भार येतो. वळणावर पुढचे चाक सरकू नये यासाठी हा भार फार मोलाचा असतो. पण हात मर्यादेपलीकडे पसरले तर कोपरे वाकवायला जागाच उरत नाही, धक्का सरळ खांद्यात जातो, मनगट बाहेरच्या बाजूला मुडपते आणि तासाभराने खांद्याच्या पात्यांमध्ये दुखू लागते. रुंदी निवडताना हा दुखण्याचा उंबरठा कुठे आहे, हे शोधणे हेच खरे काम आहे.

त्यासाठी एक सोपी सुरुवात आहे. जमिनीवर दंड काढायच्या स्थितीत या, ज्या अंतरावर हात ठेवल्यावर सर्वांत जास्त बळ मिळते असे वाटते तिथे हात स्थिर करा, आणि दोन्ही तळहातांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. हे माप अंतिम नव्हे, पण जवळपासचे असते. साधारण १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला ७०० ते ७४० आणि १७५ सेंटिमीटरच्या आसपासच्या व्यक्तीला ७४० ते ७८० मिमी सोयीचे पडते, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. तथापि सारख्या उंचीच्या दोघांचे खांदे सारखे नसतात, म्हणून उंचीच्या कोष्टकापेक्षा प्रत्यक्ष चाचणीवर भर द्यावा. अंदाजापेक्षा थोडे रुंद हँडल घ्यावे, ते न कापता बसवावे, आणि ग्रिप, ब्रेक लिव्हर व गिअर शिफ्टर आत सरकवून वेगवेगळ्या रुंदीवर नेहमीच्या वाटेवर चालवून पाहावे. नुसत्या सरकवून चढवायच्या ग्रिपपेक्षा स्क्रूने आवळायच्या लॉक-ऑन ग्रिप या कामी फार सोयीच्या आहेत. बाहेर उघडी राहिलेली टोके झुडपात अडकू शकतात, त्यामुळे ही चाचणी मोकळ्या आणि ओळखीच्या वाटेवरच करावी.

आपल्याकडच्या वाटाही विचारात घ्याव्यात. सह्याद्रीतल्या पायवाटा कारवी आणि घाणेरीच्या दाट झुडपांतून जातात, काही ठिकाणी दोन झाडांमधून हँडल जेमतेम निघते, आणि हँडलाचे एक टोक फांदीला लागले तर सायकल त्या बाजूला झटक्यात वळते. पठारावरच्या मोकळ्या मुरमाड वाटांवर चालवणाऱ्याला ही अडचण नाही. जो आठवड्याचे पाच दिवस याच सायकलवर शहरातल्या वाहतुकीतून कामाला जातो, त्याने ७४० च्या पुढे जाण्याआधी नीट विचार करावा.

आता मापे जुळण्याचा प्रश्न, कारण पैसे बहुधा येथेच वाया जातात. हँडल स्टेममध्ये जिथे आवळले जाते तिथला त्याचा व्यास तीन प्रकारचा असतो: जुन्या आणि स्वस्त सायकलींवर २५.४ मिमी, बहुसंख्य सायकलींवर ३१.८ मिमी आणि काही नव्या सायकलींवर ३५ मिमी. हे व्यास एकमेकांत चालत नाहीत. ३५ च्या स्टेममध्ये ३१.८ चे हँडल जास्त आवळून बसवण्याचा प्रयत्न धोक्याचा आहे. ग्रिप जिथे बसते तिथला व्यास मात्र सर्वत्र २२.२ मिमी असतो, त्यामुळे लिव्हर आणि ग्रिप जुन्याच वापरता येतात. व्यासानंतर उंची पाहावी. सपाट हँडल छाती खाली आणते, तर २० ते ४० मिमी उठलेले हँडल पाठीला आराम देते आणि उतारावर धीर देते. हँडलची टोके मागे आणि वर किती वळलेली आहेत तेही पाहावे. मागे ७ ते ९ अंश आणि वर ४ ते ६ अंश हे नेहमीचे प्रमाण आहे. मनगटाचे जुने दुखणे असेल तर रुंदीपेक्षा या मागच्या वळणाकडे अधिक लक्ष द्यावे. शेवटची गोष्ट केबलची: हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेक आणि गिअरच्या केबल ताणल्या जात नाहीत ना ते पाहावे, आणि जात असतील तर नव्या, लांब केबलचा खर्च हिशेबात धरावा.

स्टेमचा विचार हँडलासोबतच करावा. हँडल २० मिमी रुंद केले की स्टेम १० मिमी आखूड करावा, असा एक ठोकताळा सायकलस्वारांत प्रचलित आहे, पण तो शब्दशः पाळू नये असे मला वाटते. हात ६५ सेंटिमीटर लांब धरून साधा हिशेब केला, तर ७०० वरून ७६० वर गेल्याने खांदे सुमारे ८ मिमी पुढे ओढले जातात. ठोकताळ्याप्रमाणे मात्र स्टेम ३० मिमीने कमी करावा लागेल. स्टेम आखूड करण्याचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे सायकलचे वळणे. लांब स्टेमवर हात आसाच्या बरेच पुढे असतात, वळताना ते बाजूला झुलतात आणि तीव्र उतारावर शरीराचे वजन पुढच्या चाकाच्या पलीकडे जाऊ पाहते. म्हणून ८० किंवा ९० मिमीचा स्टेम असलेल्या सायकलवर ७४० ते ७६० मिमीचे हँडल बसवताना स्टेम ६० मिमीच्या आसपास आणणे हा समतोल पर्याय आहे. फ्रेम जुन्या धाटणीची, म्हणजे आखूड असेल, तर ५० च्या खाली जाऊ नये. नाहीतर गुडघे आणि हँडल यांच्यात जागा उरत नाही आणि चढावर पुढचे चाक उचलले जाते.

हा बदल करण्यापूर्वी आपला स्टेम कोणत्या प्रकारचा आहे ते तपासावे. अगदी स्वस्त सायकलींवर स्टेमची नळी फोर्कच्या नळीच्या आत उतरलेली असते आणि वरचा एक लांब बोल्ट तिला धरून ठेवतो. तिथे निवड फार मर्यादित आहे. इतर सायकलींवर स्टेम फोर्कच्या २८.६ मिमी व्यासाच्या नळीला बाहेरून आवळलेला असतो आणि तो सहज बदलता येतो. बसवण्याचा क्रम येथे महत्त्वाचा आहे: आधी वरच्या झाकणाचा बोल्ट फक्त इतकाच आवळावा की हेडसेटमधला (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमधला) खुळखुळाट जाईल पण हँडल मोकळे फिरेल, मग स्टेम चाकाच्या रेषेत सरळ करावा, आणि त्यानंतरच बाजूचे बोल्ट आवळावेत. हँडल धरणारे समोरचे चार बोल्ट तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. बहुतेक स्टेमवर ४ ते ६ न्यूटन-मीटरची मर्यादा छापलेली असते. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) नसेल तर दुकानात जाऊन तेवढे काम करून घ्यावे. कार्बनचे हँडल असेल तर टॉर्क पान्याला पर्याय नाही. तसेही पहिल्या बदलासाठी अॅल्युमिनिअमच घ्यावे, असा माझा सल्ला आहे. कार्बनने वजन थोडे वाचते आणि कंप काहीसा कमी होतो, पण दगडावर आपटल्यावर त्याच्या आत तडा गेला आहे का, हे बाहेरून ओळखणे कठीण असते.

रुंदी ठरली की मग कापणे. उत्पादकाने दिलेली किमान रुंदी आधी पाहावी, दोन्ही टोकांकडून सारखेच कापावे, आणि एका वेळी बाजूला ५ ते १० मिमीपेक्षा जास्त काढू नये. अॅल्युमिनिअमसाठी पाईप कटर किंवा हॅक्सॉ चालते. कापल्यावर कड कानशीने घासून घ्यावी. कार्बन बारीक दातांच्या ब्लेडने, पाणी लावून आणि तोंडाला मास्क बांधून कापावे, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. टोकांना बूच बसवल्याशिवाय सायकल बाहेर काढू नये. उघडी नळी पडताना पोटात किंवा मांडीत खोल रुतू शकते, आणि अशा जखमा गंभीर असतात.

हँडल झाल्यावर पुढे काय? माझ्या मते याआधीच टायरचा विचार व्हायला हवा होता. जमिनीला टेकणारी गोष्ट फक्त टायर आहे, आणि कितीही रुंद हँडल घसरणाऱ्या टायरला वाचवू शकत नाही. तेथेही पहिली सुधारणा फुकट आहे: हवा कमी करणे. टायरच्या कडेवर लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तरीही अनेक ठिकाणी तेवढी हवा भरून दिली जाते, आणि मग टायर प्रत्येक खड्यावर उसळतो. साधारण ७० किलो वजनाच्या व्यक्तीला २.३ इंची टायरमध्ये, ट्यूब असेल तर ३० पीएसआयच्या आसपास आणि ट्यूबलेस असेल तर २२ ते २८ पीएसआय पुरते; पुढच्या चाकात मागच्यापेक्षा एखाद-दोन पीएसआय कमी ठेवावे. ट्यूब असताना हवा याहून फार कमी केली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात.

नवा टायर घेताना वाटेची माती पाहावी. घाटमाथ्यावरचा कोरडा मुरूम गोट्यांसारखा पायाखालून सरकतो, तिथे कडेला उंच, घट्ट गुठळ्या असलेला टायर पुढे हवा. कोकण, गोवा आणि पाचगणीच्या बाजूचा जांभा कोरडा असताना चांगला धरतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढले की रबर मऊ असूनही जपूनच जावे लागते. चिकणमातीत गुठळ्यांमध्ये जास्त अंतर असलेला टायर चिखल झटकतो. रुंदी वाढवताना फ्रेम आणि फोर्कमध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा उरते का ते मोजावे, नाहीतर पावसाळ्यातला पहिलाच चिखल चाक अडवेल.

बाभूळ आणि बोरीचे काटे हा आपल्याकडचा कायमचा प्रश्न आहे, आणि त्यावर ट्यूबलेस हा सर्वांत चांगला उपाय आहे. टायरमधले पातळ सीलंट काट्याच्या छिद्रातून बाहेर येताच तिथेच घट्ट होते; अनेकदा काटा लागल्याचे घरी आल्यावर कळते. मात्र त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले हवेत; साध्या रिमवर टेप चिकटवून जुळवाजुळव केली तर वळणावर टायर रिम सोडू शकतो. ज्यांची रिम साधी आहे, त्यांनी व्हॉल्व्हची आतली पिन काढून ट्यूबमध्येच सीलंट भरावे. पकडीचा लाभ त्यातून मिळत नाही, पण बारीक काट्यांची पंक्चर बरीच टळतात. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ते तपासावे.

ब्रेकच्या बाबतीत १६० मिमीच्या चकतीऐवजी १८० ची चकती लावली तर तेवढ्याच ओढीला साडेबारा टक्के जास्त रोध मिळतो. त्यासाठी योग्य अडॅप्टर लागतो आणि फोर्क किती मोठी चकती सोसू शकतो हे आधी पाहावे लागते. हायड्रॉलिक ब्रेक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) हा याहून मोठा आणि खर्चिक बदल आहे. लांब घाट उतरणाऱ्यांनी तो जरूर करावा, कारण एका बोटाने ब्रेक लागू लागला की उरलेली तीन बोटे हँडल धरायला मोकळी राहतात, आणि रुंद हँडलाचा खरा उपयोग तेव्हा होतो. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आणि काही इतर ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असते. एकात दुसरे घातले तर आतली रबरी सीले खराब होतात. पावसाळ्यात चिखलातली बारीक वाळू ब्रेक पॅड भराभर झिजवते, तेव्हा धातुमिश्रित पॅड जास्त टिकतात.

पेडलवर जास्त लिहिण्याची गरज नाही: धातूच्या टाचण्या असलेली रुंद सपाट पेडल आणि सपाट तळव्याचे बूट घ्यावेत, आणि डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे लक्षात ठेवावे. सीट खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट मात्र सविस्तर विचार करण्याजोगा आहे. अंगठ्याने कळ दाबून सीट खाली गेली की उतारावर शरीराला हालचालीची मोकळीक मिळते. तो घेण्याआधी सीटपोस्टचा व्यास पाहावा, २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिमी ही नेहमीची मापे आहेत. ड्रॉपर परवडत नसेल तर लांब उतारापूर्वी थांबून सीट हाताने खाली करावी. त्याला पैसे लागत नाहीत आणि फायदा बराचसा तोच मिळतो.

गिअर आणि फोर्क हे दोन बदल सर्वांत शेवटी ठेवावेत. स्वस्त सायकलींच्या मागच्या चाकात आट्यावर चढणारे फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा जुना प्रकार) असते, आणि मोठ्या चकत्यांची आधुनिक कॅसेट तिथे बसत नाही. म्हणजे गिअर बदलायला हब (चाकाचा मधला भाग) किंवा अख्खे चाक बदलावे लागते. फोर्क घेताना नळी सरळ २८.६ मिमीची आहे की खाली ३८.१ मिमीपर्यंत रुंदावणारी आहे, चाकाचा आस ९ मिमीचा आहे की १५ मिमीचा, आणि फ्रेम फोर्कच्या किती हालचालीसाठी बनवली आहे, हे तिन्ही पाहावे लागते. १०० मिमीच्या जागी १२० मिमीचा फोर्क लावला तर फोर्क सुमारे एका अंशाने अधिक तिरपा होतो, आणि ते बहुधा चालून जाते; त्यापुढे गेल्यास फ्रेमच्या तोंडावर ताण येतो. फोर्क, पुढचे चाक आणि गिअर यांचा एकत्रित खर्च सायकलच्या मूळ किमतीच्या निम्म्यापर्यंत पोहोचत असेल, तर ते पैसे लांब फ्रेमच्या पुढच्या सायकलसाठी ठेवावेत. हँडल, ग्रिप, पेडल आणि चांगले टायर बहुतेक वेळा त्या सायकलवर जसेच्या तसे नेता येतात. म्हणून काढलेले मूळ भाग टाकून देऊ नयेत, जुनी सायकल विकताना तेच परत बसवावे लागतील.